शेडगेकाका गस्तीवर आहेत

आमच्या पुढच्या दाराचं हँडल रोज दिवेलागणीला बाहेरून तीन वेळा खडखडतं. एकदा खाली, एकदा वर आणि मग एकदा जोरात ओढून. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये डिसेंबरात दिवेलागण सव्वाचारला होते आणि नेमकी सव्वाचारला माझी ऑफिसची मीटिंग असायची. मीटिंगमधल्या लोकांना तो आवाज पाठ झाला होता. टेक्सासमध्ये बसणारा माझा मॅनेजर एकदा म्हणाला, "विद्या, युअर घोस्ट इज हिअर." मी हसले, पण मनात म्हटलं, भूत परवडलं. भुताला निदान लिंबूमिरची लागू पडते.

हँडल हलवून झालं की दाराबाहेरून चौकशी सुरू होते.

"विद्याताई, बंद?"

"बंद, काका."

"आतून कडी?"

"आतून कडी."

"नोंद करतो."

मग बूट वाजवत पुढच्या घराकडे. उत्तर दिलं नाही तर बेल वाजते. बेलला ओ दिली नाही तर फोन येतो. एकदा मी फोनही उचलला नाही, तर गृहस्थ मागच्या अंगणातून स्वयंपाकघराच्या काचेला नाक लावून उभे. डोक्याला माकडटोपी, अंगात मुलाचा जुना जाडजूड पार्का कोट, खाली खाकी पँट, पायात तपकिरी बूट आणि हातात सुनेच्या मॉपचा दांडा. माझ्या हातून पोळीचं पीठ पडलं. काका काचेतून म्हणाले, "जिवंत आहात. नोंद करतो."

हे आमच्या समोरच्या घरातले शंकरराव शेडगे. निवृत्त हेड कॉन्स्टेबल, म्हणजे आपल्या बोलण्यातले हवालदार, सातारा जिल्हा. वय अठ्ठ्याहत्तर. स्वतःची ओळख करून देताना नावाच्या आधी बक्कल नंबर सांगतात. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि नितीनने, म्हणजे त्यांच्या मुलाने, त्यांना इकडे आणलं. नितीन आणि त्याची बायको प्राजक्ता दोघंही सकाळच्या ट्रेनने शिकागोला जातात ते अंधार पडल्यावर उगवतात. घरात दिवसभर काका आणि गरम हवेचा घोंघों आवाज.

आले त्या आठवड्यात मी त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. ती माझी पहिली चूक. काकांनी डबा घेतला, मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "अक्षर कसं आहे तुमचं?"

आता शाळेत माझ्या अक्षराला बक्षिसं मिळाली आहेत. गेल्या तीस वर्षांत कुणी त्याबद्दल विचारलं नव्हतं. मी फुशारकीने म्हटलं, "वळणदार आहे." ती दुसरी चूक.

"बसा," काका म्हणाले. "आमचं घराणं गडाच्या हवालदाराचं. गडावर तीन माणसं असायची. हवालदाराकडं किल्ल्या, सबनिसाकडं कागद, कारखानिसाकडं कोठार. तिघं तीन तऱ्हेचे, म्हणजे एकाला फितवून गड जात न्हाई. दिवेलागणीला हवालदार सोता दरवाजा लावणार, अडसर घालणार, हलवून बघणार. मग राजा जरी आला तरी उजाडेपर्यंत दरवाजा उघडायचा न्हाई. मी हवालदार. तुम्ही सबनीस."

मी खिचडी द्यायला गेले होते आणि सबनीस होऊन परत आले. कारखानीस कोण, तर आमच्या शेजारचा वॉल्टर. वॉल्टर ऐंशीचा आहे, एकटा राहतो. त्याच्या गॅरेजमध्ये बर्फावर टाकायच्या मिठाची पोती, बर्फ उडवायची दोन यंत्रं, एक जनरेटर आणि राजम्याचे इतके डबे आहेत की वेढा पडला तरी वर्षभर चिंता नाही. काकांनी ते कोठार पाहिलं आणि तिथल्या तिथे त्याची नेमणूक केली. काकांना इंग्रजी येत नाही आणि वॉल्टरला तीनच मराठी शब्द येतात: बंद, नोंद आणि चहा. त्या तीन शब्दांत दोघं तासन्‌तास बोलतात.

राहता राहिला गड. आमच्या वसाहतीच्या तोंडाशी विटांचे दोन गोल बुरूज बांधले आहेत, शोभेचे. मध्ये दरवाजा नाही, साखळीसुद्धा नाही. काकांना हे आजतागायत पटलेलं नाही. "बुरूज बांधायला पैसा होता आणि दरवाजाच्या टायमाला संपला होय?" असं ते मलाच विचारतात, जणू मीच कंत्राट दिलं होतं. दरवाजा नाही म्हणून मग घरोघरची दारं. इथून सगळ्या भानगडीला सुरुवात झाली.

खरं सांगायचं तर पहिल्या हिवाळ्यात आम्हीच त्यांना डोक्यावर बसवलं. वसाहतीत मराठी घरं सात, नितीनचं सोडून. प्रत्येक जण डिसेंबरात भारतात पळतो आणि मागे घरात पाइप गोठून फुटायची धास्ती. काका रिकामेच आहेत, घेतील चक्कर, म्हणून एकाने किल्ली दिली. त्याच घरात पाइप फुटला. काकांनी वॉल्टरला हाताला धरून नेलं, मुख्य नळ बंद करवला, लाकडी जमीन वाचली. झालं. महिनाभरात सातही घरांच्या किल्ल्या काकांच्या बोर्डावर लटकल्या. प्रत्येकीला कापडाची चिठ्ठी, चिठ्ठीवर मालकाचं नाव आणि खाली लाल लाखेचं सील. ती लाख त्यांनी साताऱ्याहून बॅगेतून आणली होती. कस्टमवाल्याला काय सांगितलं कोण जाणे.

पुढच्या वर्षी आईच्या ऑपरेशनसाठी आम्ही नवराबायको तीन आठवडे पुण्याला गेलो. मी दवाखान्याच्या बाकावर बसलेली, डॉक्टर आत, आणि फोनवर काकांचा मेसेज: "सदर घराचे फ्रिजमध्ये अर्धा कोबी संशयास्पद स्थितीत मिळून आला. दोन पंचांसमक्ष नष्ट केला." पंच म्हणजे वॉल्टर आणि टपाल टाकणारी बाई. दुसऱ्या दिवशी: "देवघरातील गणपतीचे तोंड उत्तरेस आढळले. मालकाने असेच ठेवले होते काय, खुलासा व्हावा." मी खुलासा केला. मग त्या खुलाशाची पोच आली.

परत आलो तर फ्रिजच्या दाराला कागदाची पट्टी आणि लाख. पट्टीवर तिघांच्या सह्या. विमानातून सोळा तासांनी उतरलेलं माणूस पाण्याची बाटली घ्यायला जातं तर त्याच्या स्वतःच्या फ्रिजला सील. काका येईपर्यंत ते तोडायचं नाही, असं अविनाशने मला सांगितलं. अविनाश माझा नवरा. त्याला हे सगळं फार आवडतं. "फुकटात सिक्युरिटी आहे, कशाला चिडतेस," असं तो सोफ्यावर आडवा होऊन म्हणतो, कारण हँडल खडखडतं तेव्हा तो ऑफिसात असतो.

अंगणात पडलेली पार्सलं ही आणखी एक कथा. पायरीवर खोका दिसला आणि तासाभरात कुणी उचलला नाही की काका तो ताब्यात घेतात. मग तो खोका राहत नाही, मुद्देमाल होतो. त्याला नंबर पडतो, चिठ्ठी लागते आणि तो सोडवायला वहीत सही करावी लागते. मी माझ्याच पैशांनी घेतलेल्या मोज्यांसाठी चार सह्या केल्या आहेत.

पण खरा कहर या ऑक्टोबरात झाला. कोपऱ्यावर एक नवीन कुटुंब राहायला आलं होतं. त्यांनी संध्याकाळी खिडकीतून पाहिलं, तर माकडटोपीतला एक म्हातारा दांडा घेऊन दारोदारची हँडलं ओढतोय. त्यांनी पोलिसांना फोन केला. त्यांची काय चूक. मीही केला असता.

मला प्राजक्ताचा ट्रेनमधून फोन, "मावशी, प्लीज जा ना, बाबांना पोलिसांनी थांबवलंय." धावत गेले तर रस्त्यात गाडीचे दिवे फिरतायत, एक पोरगेलासा पोलीस उभा आणि त्याच्यासमोर काका सावधान. पोरगा मला म्हणाला, "मॅम, इज ही कन्फ्यूज्ड?"

"काय म्हणतोय?" काकांनी विचारलं.

"तुम्ही इथे काय करताय, विचारतोय."

"सांगा त्याला, गस्तीवर आहे. बक्कल नंबर सांगा. आणि बूट बघा त्याचे. ड्युटीवर असले बूट?"

बूट सोडून बाकीचं मी सांगितलं. निवृत्त पोलीस आहेत म्हटल्यावर पोरगा सैलावला. म्हणाला, किती चोर पकडले विचारा. मी विचारलं. मला वाटलं आता अर्धा तास इथेच थंडीत जाणार. काकांनी माकडटोपी नीट केली. मग म्हणाले, "त्याला विचारा, तुमच्याकडं मुद्देमाल कोण सांभाळतं?"

मी कसंबसं समजावून सांगितलं की जप्त केलेल्या वस्तू, पुरावे, ते सगळं कोण ठेवतं. पोरगा हसला. एक खोली आहे म्हणाला, एक जण बसतो तिथे, कंटाळवाणं काम, कुणाला नको असतं.

"त्याला माझा नमस्कार सांगा," काका म्हणाले, आणि सलाम ठोकून दांडा घेऊन पुढच्या घराच्या हँडलकडे गेले. पोलिसाच्या देखत.

त्या रात्री वसाहतीच्या मराठी ग्रुपवर नुसता धुरळा उडाला. उद्या कुणी बंदूक काढली म्हणजे? नितीनला सांगायला हवं. कोण सांगणार? कुणीच सांगितलं नाही, कारण आपल्याकडे तोंडावर बोलायची पद्धत नाही. त्याऐवजी सगळ्यांनी दारांना आकडे दाबून उघडणारी कुलूपं बसवली. आपोआप लागतात, लागली की फोनवर कळतं, पुण्यात बसून इथलं दार बघता येतं. सेलही होता. नोव्हेंबर संपेस्तोवर सहा घरांची कुलूपं बदलली. काकांकडून किल्ली परत आणायला मात्र कुणी गेलं नाही. त्यांच्यासमोर उभं कोण राहणार.

मीही वैतागून शेवटी तसलं कुलूप मागवलं. एक कुलूप आलं की हँडल नाही, नोंद नाही, कोबीचा खुलासा नाही. आणि मी इतरांसारखी पळपुटी नाही, किल्ली रीतसर परत घेईन, तोंडावर सांगेन, असं मी अविनाशला ठणकावून सांगितलं. आठवडाभर पार्सलची वाट पाहिली. फोनवर आलं, "डिलिव्हर्ड." पायरीवर काही नाही. नुसता बर्फ, आणि बर्फात तपकिरी बुटांचे ठसे.

रविवारी दुपारी मी समोर गेले. नितीन-प्राजक्ता सामान आणायला बाहेर गेले होते. काकांनी दार उघडलं, मला बसवलं आणि आतून माझा खोका आणला. बर्फ पुसलेला, कोपऱ्याला चिकटपट्टी, वर चिठ्ठी: "एक खोका. आत कुलूप (चित्रावरून). मालक विद्याताई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पायरीवर भिजत होता," ते म्हणाले. "सही करा. आणि किल्ली परत न्यायची असंल."

मी म्हटलं, "हो, म्हणजे, तसं काही नाही, पण..."

"पण काय त्यात. मालक आहात." त्यांनी किल्ल्यांची वही माझ्यापुढे ठेवली. "तुमचं पान काढा. मी किल्ली काढतो. तुमची सही झाली की माझ्याकडचा चार्ज संपला."

सगळा चार्ज कसा संपेल, अजून सहा किल्ल्या आहेत की, असं म्हणत मी पानं उलटू लागले. पहिल्या घराचं पान. शेवटाकडे त्यांच्या ठसठशीत अक्षरात: "मालकाने कुलूप बदलल्याचे समजले. किल्ली निरुपयोगी. मालक नेण्यास आला नाही. सबब ताब्यात ठेवली." दुसरं पान, तेच. तिसरं, तेच. सहाही पानांवर तेच. सगळं त्यांना माहीत होतं. आणि प्रत्येक पानावर त्या ओळीच्या खाली, रोजची तारीख घालून, कालपर्यंत: "गस्त केली. दार बंद."

मी वर पाहिलं. बोर्डावर सातही किल्ल्या लखलखत होत्या. "काका, यातल्या सहा आता लागत नाहीत ना कुठेच? मग कशाला पुसत बसता?"

काका खुर्चीत बसले. पहिल्यांदाच मी त्यांना टेकून बसलेलं पाहिलं. "ताई, मी सर्विसमध्ये एक चोर पकडला न्हाई. एकोणीस वर्षं मुद्देमालाच्या खोलीत होतो. सायकली, हंडे, लुगडी, लहान पोरांचे वाळे. चोर सापडायचा, केस चालायची, वर्षं जायची, माणसं विसरून जायची. साहेब म्हणायचे, शेडगे, भंगार हाय सगळं. पर एक म्हातारी अकरा वर्षांनी आली, तांब्याचा हंडा न्यायला. मी दर दिवाळीला तो चिंचेनं घासायचो. तिनं त्यात तोंड बघितलं आणि रडायला लागली." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मालक येईपर्यंत वस्तू आपल्या जिम्म्याला. लागते का न्हाई, ते बघायचं न्हाई."

माझं पान सापडेना म्हणून मी वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथे आठवी नोंद होती. मग बोर्डाच्या कोपऱ्यात आठवी किल्लीही दिसली, जुन्या गोदरेज कपाटाच्या किल्लीएवढी लांब, पितळी. पानावर लिहिलं होतं: "गावाकडील घराची. नितीनने घर विकले. नव्या मालकाने कुलूप बदलल्याचे समजले. किल्ली निरुपयोगी. मूळ मालक: सौ. हौसाबाई शंकर शेडगे. नेण्यास आल्या नाहीत. सबब ताब्यात ठेवली."

खाली रोजची तारीख होती. दार बंद की उघडं, तेवढं मात्र लिहिलेलं नव्हतं. नुसतं "गस्त केली."

मी मान खाली घालून नाक पुसलं. काका तोवर उठून उभे राहिले होते, माझी किल्ली तळहातावर धरून, पार सावधान. चालू असलेली शेवटची किल्ली ती, आणि ती मी न्यायला आले होते. मला माझाच इतका राग आला की तो कुणावर काढावा कळेना.

"काका," मी म्हटलं, "ती ठेवा जागेवर. मी किल्ली न्यायला आले नाही. मी सबनीस आहे ना? तपासणीला आले."

त्यांनी आधी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतकी वर्षं पोलिसात काढलेल्या माणसाला खोटं ओळखता येत नसेल होय. "तपासणी महिन्याला असते," ते म्हणाले.

"मग महिन्याला येईन."

मी माझं पान शोधलं आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: "किल्ल्यांची तपासणी केली. आठही जागेवर. सर्व ठीक." खाली सही केली. काकांनी किल्ली परत आकड्याला अडकवली आणि फडक्याने एकदा पुसली.

"आणि हा खोका?" त्यांनी विचारलं.

"चुकून मागवला. परत पाठवायचाय."

"नोंद करतो."

तेव्हापासून माझा त्रास कमी झाला असं कुणी समजू नये. उलट वाढला. आता गस्तीला वॉल्टरही बरोबर असतो, दांडा धरून, आणि हँडल खडखडल्यावर दोन आवाज येतात. मात्र कोपऱ्यावरच्या नव्या कुटुंबाला मी स्वतः जाऊन सगळं सांगून आले. माझ्या मॅनेजरलाही सांगितलं की मीटिंगची वेळ बदल, भुताची बदलणार नाही. तो म्हणाला, ओके. इतकं सोपं होतं ते, पण मला चार वर्षं सुचलं नाही.

आणि दर गुरुवारी मी दाराला कडी लावत नाही. हँडल खाली जातं आणि दार सरळ उघडतं. मग काका आत येतात, बूट पायपुसण्यावर ठेवतात आणि मला उभी-आडवी झापतात. अमेरिका झाली म्हणून काय झालं, गड असेच जातात, बाईमाणसाने सावध नको राहायला? झापून झालं की घसा कोरडा पडतो, म्हणून आल्याचा चहा होतो. नितीनची ट्रेन येईपर्यंत बसतात. अविनाश म्हणतो, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय, स्वतःहून बोलणी खातेस. मी म्हणते, तू तुझं बघ.

परवा महिन्याची तपासणी होती. काकांनी वही पुढे केली आणि स्वतः फडकं घेऊन खिडकीकडे तोंड करून किल्ल्या पुसत राहिले. मी माझं पान वाचलं. शेवटची नोंद अशी होती:

"गुरुवार. विद्याताईंचे दार उघडे आढळले. सलग तिसरा गुरुवार. मुद्दाम उघडे ठेवत असल्याची खात्री झाली. कारण समजले. कारवाई नाही. चहा घेतला."

मी खाली लिहिलं, तपासणी केली, आणि सही केली.